फ्रेंचच्या तासाला आई

नवऱ्याला मॉन्ट्रियलला नोकरी लागली तेव्हा आम्ही साताऱ्यात राहत होतो. तो शिरवळच्या एका कंपनीत होता, रोज बसने जाऊन-येऊन करायचा आणि खंबाटकी घाटाला पार कंटाळला होता. घाटाला कंटाळलेली माणसं पुण्यात घर घेतात. हा थेट कॅनडाला गेला. तिथे कायमचं राहायचं तर त्या भागात फ्रेंच लागतं, बायकोनेही परीक्षा दिली तर काम लवकर होईल, असं त्याच्या सल्लागाराने सांगितलं. मग साताऱ्याचं भाड्याचं घर सोडून मी सांगलीला आईकडे आले आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडून चाळिशीत बाराखडी गिरवू लागले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मला भाऊ नाही, बहीण नाही. मी गेले की आई एकटी, हे कळायला कुठल्या सल्लागाराची गरज नव्हती.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. आधी तासगावकडे, मग जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी तिची मास्तरकी निवृत्त झालेली नाही. पहिल्या आठवड्यात ती चहा ठेवायला आली आणि उभ्या उभ्या ऐकत राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिने खुर्ची आणली. शिकवणारी मुलगी पुण्याची, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, गोड स्वभावाची. ती म्हणाली, "आजी, तुम्हीपण म्हणा की." झालं. त्या दिवसापासून वर्गात दोन विद्यार्थिनी, आणि त्यातली एक दुसरीच्या चुका काढणारी.

फ्रेंच क्रियापदं आईने पाढ्यांसारखीच घेतली. कणीक मळताना सुरू करायची, "हं, म्हण. झोरे, त्यू ओरा, इल ओरा." मी पुढे, "नू झोराँ, वू झोरे, इल झोराँ." अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. भांडी घासायला येणाऱ्या मावशी एकदा ऐकून थबकल्या.

"आवं बाई, कसला मंत्र म्हणताय मायलेकी?"

"मंत्र कसला, पाढा आहे," आई म्हणाली.

"कशाचा?"

आईने कणकेतून हात काढला. "जे अजून झालेलं नाही, पण पुढे एक दिवस होऊन गेलेलं असेल, त्याचा."

"मग लय अवघड हाय," मावशी म्हणाल्या आणि नळ सोडला.

त्यांचं बरोबर होतं. क्रियापदाच्या त्या काळाला फ्रेंचमध्ये लांबलचक नाव आहे, पण गोष्ट साधी आहे. उद्याच्या दोन गोष्टींपैकी जी आधी उरकलेली असेल तिच्यासाठी तो वापरायचा. 'काम संपलं की फोन करते' असं आपण सहज म्हणून जातो. फ्रेंच माणसाला ते चालत नाही. संपलं कसं, अजून कुठे संपलंय? संपलेलं असेल, मग फोन करेन. आईला हा काटेकोरपणा फार आवडला. "आपण 'आलेच' म्हणतो आणि अर्धा तास जागचे हलत नाही," ती म्हणाली. "हे लोक मनाने पुढे जाऊन उभे राहतात आणि तिथून मागे वळून बघतात."

मला नेमकं तेच जमत नव्हतं. रूपं जमत होती. जाणं, येणं, जन्मणं, मरणं, राहणं, पडणं, या क्रियापदांना वेगळं सहायक क्रियापद लागतं, तेही डोक्यात बसलं होतं. पण सरावाला वाक्य यायचं, 'तू पोचशील तेव्हा मी निघून गेलेली असेन.' काँ त्यू आरिव्हरा, ज सरे पार्ती. आई शेजारी बसून ते खणखणीत आवाजात म्हणायची आणि मी वहीचं पान उलटायचे. पुढे जाऊन उभं राहायचं म्हणजे मॉन्ट्रियलच्या कुठल्यातरी खिडकीत उभं राहायचं. तिथून मागे वळलं की दिसायचं हे घर, तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, आणि त्यात काय काय होऊन गेलेलं असेल ते. त्या यादीतलं एक क्रियापद मला मनातही चालवायचं नव्हतं. चिडून मी शिकवणाऱ्या मुलीला एकदा विचारलंसुद्धा, तुमच्याकडे जरा बरी वाक्यं नाहीत का? ती बिचारी गोंधळली.

परीक्षेची तारीख ऑगस्टमधली मिळाली होती, पुण्याला. त्या दिवसांत सांगलीत आभाळाकडे कोणी बघत नाही. कोयनेतून किती पाणी सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पातळी किती चढली, एवढंच सगळे एकमेकांना विचारतात. आमच्या गल्लीत याआधी पाणी शिरलेलं आहे. मी तारीख पुढे ढकलली. नवऱ्याला फोनवर सांगितलं, नदी वाढतेय, आईला टाकून कशी जाऊ. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. नदी त्या वेळी आमच्या गल्लीपर्यंत आलीच नाही, काठच्या घाटाच्या पायऱ्यांवरूनच परत फिरली.

नवी तारीख जवळ आली तेव्हा शिकवणाऱ्या मुलीने तोंडी परीक्षेचा सराव घेतला. त्या दिवशी आई मुद्दाम आत जाऊन बसली, मला संकोच नको म्हणून. मेथी निवडत होती. नाव, गाव, शिक्षण झालं, मग प्रश्न आला, पाच वर्षांनी तुमच्या आयुष्यात काय काय घडून गेलेलं असेल? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर पाठ होतं. आम्ही घर घेतलेलं असेल, मला नोकरी लागलेली असेल, मी बर्फात गाडी चालवायला शिकलेली असेन. सकाळीच आईला घडाघडा म्हणून दाखवलं होतं. मी म्हणाले, "झ न से पा." मला माहीत नाही. शिकवणाऱ्या मुलीने प्रश्न बदलून पुन्हा विचारला. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी ती म्हणाली, ताई, आपण अजून थोडा वेळ घेऊ या का, परीक्षा पुढच्या खेपेला देता येईल. मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

आई मेथीची परात घेऊन बाहेर आली आणि समोर बसली.

"तुला येत होतं," ती म्हणाली.

"ऐन वेळी सुचलं नाही."

"मला नको शिकवू. ज्याला येत नाही ते पोर वर बघतं. ज्याला येतं पण सांगायचं नाही, ते खाली बघतं. माझा जन्म गेलाय ही तोंडं बघण्यात."

मी खालीच बघत होते. आई देठं खुडत राहिली. मग तिने मला तिच्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. आटपाडीकडची, मेंढपाळांच्या घरातली. वर्गात सगळ्यांत हुशार. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाली असती तर सांगलीला वसतिगृहात आली असती. पण घरी आई आजारी, मेंढरामागे जाणारं दुसरं कोणी नाही. पोरीने पेपर कोरा दिला. माझ्या आईला दोन दिवसांनी कळलं, पण ती गप्प बसली. पोरीने तिच्या आईसाठी केलंय, आपण कशाला बोला, असं तिला वाटलं.

"आता कुठे आहे ती?" मी विचारलं.

"काय माहीत. लग्न झालं असेल. पोरं मोठी झाली असतील. शिकली मात्र नसेल." आईने परात बाजूला ठेवली. "तिच्या आईला काय वाटत असेल, हा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते. माझ्यासाठी नापास होऊ नकोस. मला ते ओझं पेलणार नाही."

"आणि पाणी आलं तर?" माझा आवाज चढला. इतके महिने दाबून ठेवलेला प्रश्न होता तो. "पाणी आलं तर कोण आहे तुला?"

"मागे आलं तेव्हा तू साताऱ्यात होतीस. आलीस का?"

मी येऊ शकले नव्हते. रस्ते बंद होते, गाड्या बंद होत्या, तिचा फोन लागत नव्हता. मी साताऱ्याच्या स्टँडवर दिवसभर बसून संध्याकाळी घरी परतले होते. आईला वरच्या मजल्यावरच्यांनी हाताला धरून वर नेलं होतं. हे ती टोचायला म्हणाली नव्हती. तिच्या लेखी तो एक सोडवून झालेला प्रश्न होता. मला मात्र रडू आलं, आणि राग आला, तिचा, नवऱ्याचा, त्या खंबाटकी घाटाचासुद्धा.

मी परीक्षा दिली. तोंडी परीक्षेला प्रश्न वेगळाच आला, सुट्टीत काय करता वगैरे, आणि मी बरी बोलले. निकाल लागला तेव्हा आईने अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. वरच्या मजल्यावरच्यांना दोन जास्त दिले.

पास झाले तरी तिथे गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून मी तास चालू ठेवला आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप उघडला, आईची खुर्ची ओढली, तिला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू बस. मी नाही आता."

मला वाटलं कंटाळली असेल. उठून आत गेले. म्हटलं, "इतकं छान येतंय तुला, सोडतेस कशाला?"

ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "मला काय करायचंय फ्रेंच?" ती म्हणाली. "रोज तासभर तुझ्याशेजारी बसायला मिळत होतं, म्हणून बसत होते. आता ते सुटायची सवय करायला हवी."

बाहेर लॅपटॉपमधून ती मुलगी मला हाका मारत होती. मी बराच वेळ गेले नाही.