लाल ट्रॅक्टर, निळा ट्रॅक्टर

आमच्या घरचा ट्रॅक्टर मी पसंत केला, आणि ट्रॅक्टरमधलं मला काडीचंही कळत नव्हतं. मी नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून. प्रताप नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. सायकलीशिवाय कोणतंही वाहन मी आजवर चालवलेलं नाही. तरी ही जोखीम माझ्या गळ्यात पडली, कारण घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. इंग्रजी वाचता येतं म्हणजे यंत्रातलं कळतं, असा आमच्याकडे तेव्हा समज होता. खोटं कशाला बोलू, माझाही होता.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कन्हान नदीच्या पलीकडे आमचं गाव. वडील गेल्यावर वावर आम्हा दोघा भावांच्या नावावर झालं. कसत होता मोठा भाऊ. मी संक्रांतीच्या सुमाराला जाऊन तुरीच्या शेंगा खाऊन यायचो, एवढीच माझी शेती. मग एका वर्षी पोळ्याच्या आधी बैलबंडी उलटली आणि भावाचा डावा पाय तिच्याखाली दबला. हाड जुळलं, पण पायात जोर काही परत आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की नांगरामागे चालणं आता विसरा.

मी गावी गेलो आणि शहाणपणा केला. वावर ठेक्यानं देऊन टाक म्हटलं, घरबसल्या धान्य येईल, तुलाही आराम. भाऊ जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला.

"अन् मी काय करू? ओट्यावर बसून माशा मारू?"

मी म्हटलं, इतर लोक नाही का देत. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "भाऊजी, लहान ट्रॅक्टर घेऊन टाका नं. तो बसून चालवा लागते. चालाचं काही काम नाही."

त्या वर्षी मिरची आणि कापूस दोन्ही चांगले गेले होते, म्हणून तो विचार अगदीच हवेतला नव्हता. पण वावर दोघांचं, तेव्हा कर्जाच्या कागदावर माझीही सही लागणार होती. मी अट घातली. भाऊ स्वतः चालवणार असेल तरच ट्रॅक्टर. ड्रायव्हर ठेवून शेती करायची असेल तर ती आपल्याला पेलणार नाही, त्यापेक्षा ठेका बरा. उभ्या जन्मात मोठ्या भावाला मी घातलेली ही पहिली अट. घालताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

"मीच चालवीन," भाऊ म्हणाला. "तू पसंत कर फक्त. तुले वाचता येते."

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. आमच्या बेताचे लहान ट्रॅक्टर दोनच होते, एक लाल आणि एक निळा. निळ्याचा विक्रेता शहराबाहेर वाडी गावात, अमरावती रोडवर. तिथं ट्रकांची रांग, गोदामं, पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये एका खुर्चीवर बनियन घालून बसलेला मालक. हा माणूस इतका गोड बोलायचा की मला भीतीच वाटायची. बसण्याआधी चहा, उठताना पुन्हा चहा. लाल ट्रॅक्टरवाला शहरात, कॉटन मार्केटच्या बाजूला. त्याच्याकडे काचेची केबिन होती. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. पण गुळगुळीत कागदावर छापलेलं इंग्रजी माहितीपत्रक त्यानं माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाला, "आप तो पढ़ेलिखे आदमी हैं, देख लीजिए." मी तिथंच अर्धा विकला गेलो.

कचेरीतली सवय म्हणून मी वहीत दोन रकाने पाडले. एकात लाल, एकात निळा. दर रविवारी सायकल काढायची आणि दोघांकडे चौकशी करून यायचं. वाडीचा मालक म्हणाला, "भाऊसाहेब, आपली माती काळी. वजनी ट्रॅक्टर पावसानंतर रुतून बसते. आपला निळा हलका." हे मला पटलं, मी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी केबिनवाला म्हणाला की काळ्या मातीत हलका ट्रॅक्टर कामाचा नाही, चाक जागच्या जागी फिरत राहतं, वजन पाहिजे. हेही पटलं. हेही लिहून घेतलं. एकाचं इंजिन डिझेल कमी खायचं पण आवाज फार करायचं. दुसऱ्याचा आवाज कमी, तर म्हणे पार्ट मिळायला महिना. ज्याला विचारावं तो खरंच बोलतोय असं वाटायचं, आणि दोघं एकमेकांच्या उलट बोलायचे. वही भरत गेली आणि मी जास्तच गोंधळत गेलो. कांदे घ्यायला गेलो तरी मनात सिलिंडर घोळायचे.

आमच्या हेडक्लार्कला मी विचारलं, कारण त्यांच्या सासुरवाडीला ट्रॅक्टर होता. ते म्हणाले, "निळा घे, डोळे मिटून." दोन दिवसांनी त्यांचे सासरे येऊन गेले, तर हेच हेडक्लार्क म्हणाले, "निळ्याच्या नादी लागू नको." मी चिडून विचारलं, मग लाल घेऊ का? ते म्हणाले, "तसं मी कुठं म्हटलं?" मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

वाडीला एकदा त्यांच्या मेकॅनिकनं निळ्याचा क्लच हातानं दाबून दाखवला. "लोण्यावानी आहे, साहेब." क्लच कशासाठी असतो हे विचारायची मला लाज वाटली. मी वहीत लिहिलं, "क्लच मऊ, लोण्यासारखा." पुढे बरोबरची खूण केली, आणि हा खरंच फायदा आहे की नाही हे न कळल्यामुळे खुणेपुढे प्रश्नचिन्हही टाकलं. लालचा क्लच कसा, हे मी कधी विचारलंच नाही.

शेवटी मी भावाला बोलावून घेतलं. म्हटलं, बाबा, चालवणार तू, तूच एकदा पाहून जा. तो एसटीनं आला. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. एकाच दिवशी आम्ही दोन्ही ट्रॅक्टर पाहिले.

पाहिले कसले, बाजारात बैल पाहतात तसे त्यानं पाहिले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. ड्रायव्हरला म्हणाला, जरा दूर ने, आता इकडे आण. येताना चाक कसं पडतं ते बघत राहिला. माहितीपत्रकात काय लिहिलंय ते मी मराठीत सांगत होतो, तो हूं हूं करत होता. वाडीच्या ड्रायव्हरला मात्र त्यानं एक गोष्ट विचारली. "हे पायाचं दिवसातून किती खेपा दाबा लागते गा?" ड्रायव्हर म्हणाला, "गेर बदलला का दर खेपेला." भाऊ बरं म्हणाला आणि टायरकडे वळला. तेवढ्या वेळात मी वहीत टायरची रुंदी लिहीत होतो.

दोन्हीकडे त्याला बसून बघायला सांगितलं. वाडीच्या मालकानं तर हात धरला, "चढा नं काकाजी, फेरी मारा." भावानं हात जोडले. "पूजेच्या आधी आमी पाय नाही लावत."

हे आमच्या घरात होतं. नवं अवजार आलं की आधी त्याची पूजा, मग त्याला हात. आणि पाय तर नाहीच. लहानपणी मी नवा वखर ओलांडला म्हणून वडिलांचा मार खाल्लेला आहे. विकत घेण्याआधी देवाला नारळ फोडता येत नाही, आणि नारळ फुटल्याशिवाय पाय लावता येत नाही, तेव्हा बसून पाहायचं कसं? मला यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट काचेच्या केबिनवाल्यासमोर माझा भाऊ आपली रीत सोडत नाही याचा मला अभिमानच वाटला. केबिनवालाही म्हणाला, "संस्कार हैं, साहब."

परत येताना मी विचारलं, "मग कोणता, भाऊ?"

"दोन्ही चांगले हाय. तू सांग."

मी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दोन रात्री झोप नीट लागली नाही. शेवटी लाल घेतला. कारणं मी पुष्कळ सांगितली, पण खरं कारण एवढंच की त्याचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि तो माणूस माझ्याशी इंग्रजीतला एखादा शब्द टाकून बोलायचा. आज हे लिहायला लाज वाटते.

ट्रॅक्टर गावात आला तो सकाळच्या वेळी. विक्रेत्याचा ड्रायव्हर घेऊन आला होता. अर्धं गाव आमच्या अंगणात. वहिनीनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, ओवाळलं. भावानं नारळ फोडला. मग पाय धुतले, काठी वहिनीच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी धरून तो वर चढला. चढताना कोणी हात दिलेला त्याला चालला नाही. ड्रायव्हर खालून सांगत होता, डाव्या पायानं क्लच दाबा, गेर टाका, हळूहळू सोडा.

डाव्या पायानं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

भावानं पाय ठेवला आणि दाबला. पेडल हललं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून त्यानं वरून जोर दिला, तेव्हा ते थोडं खाली गेलं, गेर कसाबसा पडला, पण सोडताना पाय एकदम सुटला. ट्रॅक्टर हिसका देऊन बंद पडला. लोक हसले, वाईट मनानं नाही, नव्या वस्तूला हसतात तसे. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. त्याच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी वहीसकट आत जावं.

"मुहूर्त जाऊन राहिला," भाऊ शांतपणे म्हणाला आणि सरकून मडगार्डवर बसला. "तू चालव गा," तो ड्रायव्हरला म्हणाला.

ट्रॅक्टर वावराकडे गेला. वहिनी काठी घेऊन अंगणात उभीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा ठेवू काय, भाऊजी?" ती रागाचा एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या एसटीत मी वही काढली. निळ्याच्या रकान्यात ते होतंच. क्लच मऊ, लोण्यासारखा. बरोबरची खूण आणि प्रश्नचिन्ह. ज्याचा डावा पाय अधू त्याच्यासाठी मी ट्रॅक्टर पसंत करत होतो, आणि सिलिंडर, टायर, डिझेल सगळं लिहिलं, त्याच्या पायाबद्दल एक ओळ नाही. गाढव म्हणायचं तर गाढवाचा अपमान होईल.

भावानं गावातलाच एक ड्रायव्हर ठेवला. माझी अट मोडली हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. पण कोणत्या तोंडानं बोलणार? चूक माझी होती. मी ठेक्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पेरणीच्या दिवसांत गेलो की भाऊ मडगार्डवर बसलेला दिसायचा, एका हातानं धरलेलं, दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला तासाची ओळ दाखवत असलेला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. अंग धुळीनं भरलेलं असायचं आणि तोंडानं ड्रायव्हरला सारखं झापणं चालू. शेती त्याचीच राहिली. पण तो स्टीअरिंगपाशी नाही, बाजूला बसलाय, हे पाहिलं की मी बांधावरूनच घरी यायचो. लाल ट्रॅक्टर दिसला की रस्त्यात मी मान फिरवायचो.

सहा-सात वर्षं मी हे मनात ठेवलं. मग एकदा तो डोळे तपासायला नागपूरला आला, माझ्याकडेच उतरला. दुपारी जेवताना मला राहवलं नाही.

"भाऊ, निळा घेतला असता तर तुझा पाय चालला असता. माझ्यामुळे झालं सगळं."

तो वरणभात कालवत होता. "नाही गा," तो म्हणाला. "आपल्या सोयऱ्याकडे निळाच नाही काय? इकडं ट्रॅक्टर पाहाले याच्या आधी त्याच्यावर बसून पाह्यलं होतं म्या. क्लच नाही दबला."

मला क्षणभर कळेना तो काय सांगतोय. "आणि पूजेआधी पाय लावत नाही, ते?"

"सोयऱ्याचा ट्रॅक्टर आपला नोहे नं."

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं? मला सांगितलं काहून नाही? मी वेड्यासारखा दोन महिने वाडी अन् कॉटन मार्केट करत होतो."

भावानं घास घेतला, गिळला, पाणी प्यायला.

"सांगतलं असतं तं तू सही केली असती काय?"

"नसती केली," मी म्हटलं.

"मंग," तो म्हणाला आणि त्यानं भात मागितला.