चावला नव्हता, फोडला होता

गेल्या महिन्यातला गुरुवार. हडपसरच्या ऑफिसात क्लायंटचा कॉल चालू होता आणि खडकीहून बाबांचा फोन आला. "सवड असेल तर ये, थोडा ताप आहे," एवढं बोलून ठेवून दिला… बाबा आपण होऊन कधीच फोन करत नाहीत. मी लॅपटॉप बॅगेत कोंबून निघाले.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथली सवय अशी की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, एक शब्द जास्त नाही. आई होती तोवर आम्ही दोघी त्यावरून त्यांना भरपूर चिडवायचो.

घरी पोचले तर अंग नुसतं भाजत होतं… आणि ताप चार दिवसांपासूनचा! सांगितलं का नाही म्हणून मी ओरडले, तर म्हणे, "तू फोनवर जेवलात का एवढंच विचारत होतीस."

लगेच ॲडमिट केलं. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, प्लेटलेट्स मात्र रोज खाली… शनिवारी सकाळी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल पुरळ दिसलं. बघता बघता ते तळहातांवर, तळपायांवरही आलं.

डॉक्टर मॅडम तळहात बघून थबकल्या. "काका, गोचीड चावला होता का?"

"नाही." ठणठणीत उत्तर.

शेतात, जंगलात, गुरांत कुठे गेला होतात का? "नाही." चाव्याची खूणही कुठे सापडली नाही. मॅडमनी आणखी तपासण्या पाठवल्या, पण रिपोर्टला वेळ लागणार होता… दुपारी बाबांनी मला आईच्या नावाने हाक मारली.

रविवारी सकाळी त्यांचे कपडे आणायला घरी गेले. ते घेऊन निघाले तर फाटकात फोरमन बसला होता. हा गल्लीतला भटका कुत्रा, नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण काम न करता सगळ्यांवर भुंकतो.

शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं, बाबा कसे आहेत? हा बघ कसा खाजवतोय! रोज पेपर पसरून त्याचे गोचीड काढत बसायचे. नखांवर टचटच फोडायचे, मला तर बाई किळस यायची…"

मी कपडे तिथेच टाकले आणि फाटकातूनच हॉस्पिटलला फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चावायलाच हवा असं नाही. फोडलेल्या गोचिडातले जंतू बोटावरच्या चिरेतून, डोळ्यातूनही शरीरात जाऊ शकतात. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच वेळी औषध बदललं… बाबांच्या अंगठ्याला नखाशी कायम चिरा असतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

पुढचे दोन दिवस मी फक्त थर्मामीटर बघत होते. ऑफिसचे मेसेज उघडलेसुद्धा नाहीत… मंगळवारी सकाळी ताप उतरला. बाबांनी कँटीनचा चहा तोंडाला लावला आणि विचारलं, "याला इथे काय म्हणतात?" मला रडूच फुटलं.

मग रागही आला. मॅडमना का नाही सांगितलंत? तर शांतपणे म्हणाले, "चावला का, असं विचारलं. चावला नव्हता. मी फोडला होता."

क्लायंटला नेमके प्रश्न विचारायचा मला पगार मिळतो…

आता फोरमनला जनावरांच्या डॉक्टरकडून औषध आणलंय. गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत अंडी घालतात म्हणे, म्हणून कंपाउंडच्या भेगाही बुजवून घेतल्या. हातमोजे आणि चिमटा दाराशीच टांगलाय. तुमच्या घरी कोणी हाताने गोचीड फोडत असेल तर आजच थांबवा… आणि ताप आला तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सगळं सांगा.

मीही फोनवरचा प्रश्न बदललाय. जेवलात का, हे विचारून झालं की म्हणते, "आणखी काय?" आणि थांबते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही."

परवा मात्र "काही नाही" आलं नाही. म्हणाले, "आणखी… त्या गुरुवारी मी घाबरलो होतो."

एवढंच बोलले… पण फोन त्यांनी ठेवला नाही.