चारशे सतरा नंबरचा हातोडा

इलारियोन ह्रिंकू माझा शाळेपासूनचा दोस्त आणि आमच्या खोऱ्यातला सगळ्यात हट्टी माणूस. बावीस वर्षं वनरक्षक. कमरेला कायम लोखंडी हातोडा, त्याच्या तोंडावर नंबर ४१७. त्याचा ठसा ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर बसला की लाकूड कायद्याचं, नाहीतर चोरीचं.

मी खालच्या कारखान्याच्या फाटकावर. आमच्याकडे स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या फळ्यांचा एक थर उभा, एक आडवा, असे पाच थर चिकटवून दाबतात आणि त्यातून घराच्या अख्ख्या भिंती निघतात. सिमेंट नको, विटा नकोत, जंगल पुन्हा वाढतं, म्हणून परदेशातले लोक त्या रांग लावून घेतात. खोटं नाही ते. फक्त जंगल पुन्हा वाढायला इलारियोनसारखा एक खमक्या वर उभा राहावा लागतो, हे माहितीपत्रकात छापत नाहीत. माझं काम सोपं: ओंडका मोजायचा, शिक्का बघायचा, गाडी आत सोडायची.

कोस्तान मोरोशान हा तोडीचा ठेकेदार. इलारियोनच्या लग्नात मेणबत्ती धरून उभा राहिलेला, म्हणजे त्याचा नानाश. आमच्यात नानाश बापाच्याही वर. ईस्टरला गोड पाव घेऊन त्याच्या दारात जायचं, त्याच्या हाताला ओठ लावायचे, आणि त्याने मागितलेलं नाकारायचं नाही. कोस्तानने हातोडा मागितला, एका दुपारपुरता. गावावरच्या उतारावरची जुनी झाडं त्याला हवी होती. ती पडली की अर्धा डोंगर चिखल होऊन गावात येणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

इलारियोन नाही म्हणाला.

मंगळवारी जंगलात कोस्तानने तीन माणसं घेऊन त्याला गाठलं. आधी गुडघा फोडला, मग बरगड्या. तरी हातोडा सुटेना, तेव्हा बोटं बुटाखाली रगडून काढून घेतला आणि त्याचा उजवा हात ओंडक्यावर दाबून धरला.

"झाडावर मारत नाहीस ना? मग तुझ्यावरच मारतो," कोस्तान म्हणाला आणि हातोडा पंजावर घातला. हाडांचा चुरा झाला. मांसात ४१७ उमटला, स्वच्छ वाचता येईल असा.

इस्पितळात इलारियोनने सांगितलं, ओंडका पडला. त्याची बायको पारास्किवा खवळली. "अरे मेल्या, नाव घे त्याचं!"

"नानाश आहे गं. राग उतरला की रविवारी हातोडा आणून देईल. तक्रार केली तर म्हातारा तुरुंगात जाईल."

एवढा कडक माणूस, आणि इथे असला बावळटपणा! मला अजून संताप येतो. तक्रारच नाही, म्हणजे कागदोपत्री हातोडा त्याच्याच कमरेला.

गुरुवारी फाटकावर गाडी आली. ओंडक्यांवर ४१७, ठशातली राळ अजून ओली. इलारियोनचा हात बँडेजमध्ये आहे हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मी शिक्का बघितला आणि गाडी सोडली. मग दुसरी. मग तिसरी. मला माझे दोन्ही गुडघे धड हवे होते. भ्यालो, दुसरं काही नाही.

शनिवारी सकाळी वनखात्याची माणसं इलारियोनच्या घरी धडकली. उतार बोडका, जागोजागी तुझा शिक्का, चोर तूच, म्हणाली. तो तसाच काठी टेकत फाटकावर आला. तेवढ्यात चौथी गाडी लागली. आत कोस्तान स्वतः.

"किती गेल्या?" इलारियोनने मला विचारलं.

"तीन."

"शिक्का ताजा होता?"

"होता."

"आणि मी कुठे होतो रे?"

 त्याने दातांनी बँडेज फाडलं आणि काळानिळा पंजा ओंडक्याला लावला. शिक्क्याशेजारी शिक्का. कामगार यंत्रं सोडून बाहेर आले.

"घरी जा पोरा," कोस्तान खाली उतरला. "तमाशा नको. तुझ्या लग्नाची मेणबत्ती धरलीय मी."

"धरलीत, नानाश. आणि हातही तुम्हीच फोडलात." मग तो सगळ्यांकडे वळून ओरडला, "कोस्तान मोरोशान!"

कोस्तानने ओंडके ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या तोंडावर हाणला. जबडा तुटला, दात चिखलात पडले. इलारियोन उठला आणि रक्त थुंकत पुन्हा तेच नाव घेतलं. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याच्या आत कामगार तुटून पडले आणि त्यांनी कोस्तानला इतकं तुडवलं, की पोलिसांना त्याचा चेहरा ओळखू येईना. मी फाटकाचा दांडा धरून उभाच होतो.

खटला उभा राहीपर्यंत त्या तीन गाड्यांच्या भिंती परदेशात कुठल्याशा शाळेला लागल्यासुद्धा. न्यायाधीशबाईंनी इलारियोनला विचारलं, कोस्तान आणि त्याची माणसं सोडून आणखी कोणी सामील होतं? वाकड्या जबड्यातून शब्द निघायला त्याला वेळ लागला. त्याने डावा हात माझ्याकडे केला आणि माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

बाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे," मी म्हणालो.