कोंडामावशी आणि भोंग्याची थाळी

कोंडामावशी बसलेली मी कधी पाहिली नाही. म्हणजे एकदाच पाहिली, ते पुढे सांगते. एरवी बाई सदा उभी, नाहीतर चालती. चहासुद्धा दारात उभ्यानेच घ्यायची. एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात तो तिचा तुपाचा रिकामा डबा, आत मूठभर खडे. कॉलनीतल्या एखाद्या कुत्र्याने कुणाच्या दारात तंगडी वर केली की डबा खडखडलाच म्हणून समजा. "बसा हो मावशी घडीभर," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसले की मुंग्या येतात बगं पायाला. आन् बसायला टाइम हाय कुणाला?" खरं तर सगळ्या रांगेत तिच्याइतका टाइम कुणालाच नव्हता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, नवरा कंपनीत फिटर आणि घरात तोंडाला कुलूप. पण हे तिला सांगणार कोण!

चिंचवडला कंपन्यांच्या मागच्या बाजूला आमच्या बैठ्या खोल्यांच्या रांगा होत्या. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी दापोडीची, रुळांच्या कडेला वाढलेली, त्यामुळे कुत्र्याबित्र्याला घाबरणारी नव्हे. पण लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात लग्नातली नवी चप्पल एका कुत्र्याने पळवली. मी दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात ही उंच, काटकुळी बाई माझी चप्पल बोटाला अडकवून आली. "शिव्या देऊन काय व्हतंय? त्याला कळतात का? चामड्याला रॉकेलचा बोळा फिरव आन् आत ठेव. नवी सून ना तू? नाव काय?" लता म्हटलं. "लता, चप्पल चावलीय थोडी. पर चालती," असं म्हणून ती निघूनही गेली. मी आभार मानायला तोंड उघडलं तर समोर कुणी नाही.

मावशी मूळची उदगीरकडची. तिकडची बोली तिने इकडे येऊन एवढीशी बदलली नाही. कुत्र्यांच्या खोड्यांवरचे तिचे इलाज सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध होते. दारात घाण करतं? ओटा फिनेलने धू आणि कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेव. कुंड्या उकरतं? बाभळीच्या काट्या पसर. पापडाच्या वाळवणावर येऊन बसतं? खाटेला दोरी बांधून तिला डबा टांग, कुत्र्याने पाय ठेवला की डबा वाजतो. बायका तिच्याकडे येत, इलाज घेत आणि पाठ वळली की "डबेवाली आली, डबेवाली गेली" म्हणून हसत. मीही हसायचे. पण माझे पापड त्या वर्षी शाबूत राहिले, हेही खरं.

आमच्या रांगेत भोंग्या नावाचं एक कुत्रं होतं. अंगावर तांबडे-पांढरे ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. कंपनीचा भोंगा झाला की हा मान वर करून त्याच्या सुरात सूर लावायचा, म्हणून भोंग्या. पोरांना भारी गंमत वाटायची. पण थर्ड शिफ्ट करून सकाळी येऊन झोपलेल्या माणसाला काय गंमत? दुपारचा भोंगा एकवेळ सवयीने ऐकू यायचा नाही, पण ह्याचं रडणं कानात घुसायचंच. शिवाय फर्स्ट शिफ्टवाले सायकलींवरून निघाले की हा त्यांच्या पोटऱ्यांमागे. आमच्याच रांगेतले सावंतभाऊ एकदा ह्याच्यामुळे सायकलीसकट गटारात गेले. गुडघा फुटला, त्या दिवसाची हजेरी गेली. सावंतभाऊ कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारुतीच्या देवळापुढे मीटिंग भरवून ते म्हणाले, "मेल्या कुत्र्यांनी जगणं कठीण केलंय. एक माणूस आहे माझ्या माहितीचा. औषध घालतो. एका दिवसात सगळा बंदोबस्त."

औषध म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मावशी मागे बायकांत उभी होती, ती तिथूनच ओरडली, "मी लावते की वळण त्याला! दिवाळीपत्तुर द्या मला!" सावंतभाऊ म्हणाले, "कोंडाबाई, तुम्ही स्वतःच तर डबा घेऊन दिवसभर त्यांच्या मागे. आता पुळका कशाला?" मावशी म्हणाली, "हाकलनं येगळं आन् मारनं येगळं. दिवाळीपत्तुर द्या." कुणीतरी "द्या हो" म्हटलं, सावंतभाऊंनी खांदे उडवले आणि मीटिंग उठली.

त्या दिवसापासून बाईच्या पायाला भिंगरीच लागली. आमच्या ह्यांना तिने सायकलीवर बसवलं आणि रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला लावलं. भोंग्या मागे लागला की ही बादलीभर पाणी त्याच्यावर फेकणार. नेम तिचा बेताचाच. निम्मं पाणी ह्यांच्यावर. हे रोज सेकंड शिफ्टला जायच्या आधी ओलेचिंब होऊन यायचे आणि मला म्हणायचे, "वळण कुत्र्याला लागतंय का मला, काही कळेना." पण लागलं हं! दसऱ्याच्या सुमारास सायकलीची घंटी वाजली की भोंग्या गपचूप ओट्याखाली जाऊन बसायला लागला. सावंतभाऊ मुद्दाम दोनदा घंटी वाजवत त्याच्यासमोरून जायचे.

रडण्यावरचा इलाज मात्र फसला. दुपारचा भोंगा व्हायच्या जरा आधी मावशी घरातून एक टवके उडालेली थाळी आणायची, तीत भाकरीचा करपलेला कडक पापुद्रा टाकायची आणि भोंग्यापुढे ठेवायची. तोंड भरलेलं असलं की रडणार कसा, हा तिचा हिशेब. बेटा भोंग्याच हुशार निघाला. दोन घासांत भाकरी मटकावून वेळेवर मान वर करायचा. "सुरात हाय हो," म्हणून मावशी कपाळाला हात लावायची आणि थाळी विसळून परत घरात नेऊन ठेवायची. ती थाळी तिने बाहेर कधी राहू दिली नाही.

ह्याच दिवसांत मी तिच्याशी कडाकडा भांडले. कारणच तसं होतं. एकदा मी नळावर होते. मावशी समोर "यू यू, ये रे माझ्या लेकरा" म्हणून भोंग्याला बोलावत होती. आवाज असा की माणूसही शेपूट हलवत गेलं असतं. भोंग्या धावत आला, तिच्या हातातला घास त्याने तोंडात घेतला आणि एकदम केकाटत, जमिनीवर तोंड घासत पळाला. भाकरीत तिखट! वर ही डबा खडखडवत त्याच्या मागे, "हाड! हाड!" मी कळशी आपटली. म्हटलं, "मावशी, हे काय हो? मायेने बोलवायचं आणि तिखट चारायचं? काय बिघडवलंय त्याने तुमचं?" ती म्हणाली, "तू तुझं पानी भर."

एकदा करून थांबली असती तर मी विसरले असते. पण ती रोज करायला लागली. कधी भाकरी, कधी पाव, कधी भजं. कधी हातातून, कधी जमिनीवर टाकून. आणि स्वतःचा हात पुरेना म्हणून की काय, दूधवाला, भंगारवाला, पोस्टमन, जो रस्त्याने जाईल त्याला पकडायची. "एवढं द्या हो त्याला. यू यू म्हना आन् द्या." दूधवाल्याने दिलं आणि कुत्र्याचे हाल बघून तो तिलाच चार शब्द सुनावून गेला. मलाही म्हणाली, "लता, एकदा तू दे." मी म्हटलं, "मला नाही जमायचं असलं पाप." तिने तो घास परत फडक्यात बांधला. तोंड उतरलं होतं. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बाई डोक्याने फिरली आहे, तुम्ही उद्यापासून सायकल काढायची नाही. मला तिचा खरोखर राग आला होता. आणि तरीही दुपारचा भोंगा व्हायच्या आधी ती थाळी घेऊन यायची, भोंग्या तिच्या पायांत घोटाळायचा, हे काही मला समजत नव्हतं.

दिवाळी अजून पुढे होती. मी आणि मावशी गिरणीतून दळण घेऊन येत होतो. बोलणं बंदच होतं, पण वाट एकच, करणार काय! कॉलनीच्या तोंडाशी आलो तर पलीकडच्या रांगेपाशी माणसं उभी. एक अनोळखी माणूस, खांद्याला पिशवी, हातात भज्यांचा कागद. तो "यू यू" करत होता. जरा अंतरावर सावंतभाऊ, दिवाळीपर्यंतही न थांबलेले. पलीकडच्या रांगेतली तांबडी म्हणून एक गरीब कुत्री, जी नुसती शेपूट हलवायची आणि जिची कुणालाच कटकट नव्हती, ती मोरीपाशी आडवी पडून पाय झाडत होती. तेवढ्यात तो माणूस आमच्या रांगेकडे वळला आणि "यू यू" ऐकून ओट्याखालून भोंग्या बाहेर आला.

मी ओरडणार तोच मावशीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचकली. "गप. हाक मारू नको."

"अहो मावशी, खाईल ना तो!"

"गप, लता. आज मी हाय. उद्या मी कुठं असंन? त्याचं त्याला कळू दे."

भोंग्या त्या माणसाच्या अगदी जवळ गेला. भज्याचा वास घेतला. मग तो फुरफुरला, नाक झटकलं आणि मागे सरला. माणसाने भजं जमिनीवर टाकलं, पायाने पुढे ढकललं. भोंग्याने त्याच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि त्या माणसाकडे बघून जो भुंकायला लागला, तो थांबेचना. "हे नाही खात," तो माणूस सावंतभाऊंना म्हणाला, "ह्याला कुणीतरी शिकवलंय."

आणि मावशी खाली बसली. भर रस्त्यात, धुळीत, पिठाचा डबा मांडीवर घेऊन. मी तिला तशी बसलेली पाहिली ती तेव्हाच. "न्हाई खाल्लं," म्हणाली, "न्हाई खाल्लं बगं त्यानं." मग तांबडीकडे नजर गेली आणि पदर तोंडात कोंबून रडायलाच लागली. "हिला बी शिकवायला पायजे व्हतं गं. यकदा तिखट लागल्यावर ही माझ्या दारात येईना झाली. मीच सोडून दिलं." मी तिच्या शेजारी टेकले. लोक बघत होते, बघू देत.

उदगीरकडे माहेरी तिचा वाघ्या नावाचा कुत्रा होता. तिच्या हातून खाऊन लाडावलेला, कुणीही बोलावलं की जायचा, कुणीही दिलं की खायचा. खळ्यावर चोरी करायला आलेल्यांनी त्याला गोडीने बोलावून औषधाची भाकरी घातली. "हातातनं खायची सवय मी लावली," ती म्हणाली, "त्यांनी फकस्त भाकरी दिली." मी विचारलं, मग थाळीतलं तेवढंच खायला शिकवताय, हे आम्हाला का नाही सांगितलं? तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. "सांगितलं असतं तर सावंताच्या मानसानं थाळीतच घातलं असतं की!"

तांबडीला हातगाडीवर घालून नेलं, तेव्हा दोन्ही रांगांतली पोरं गाडीमागे रडत गेली. त्यात सावंतभाऊंची धाकटी मुलगीही होती. त्यानंतर कमिटीत औषधाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुपारी भोंग्या सूर लावायचा आणि सावंतभाऊ कानात कापसाचे बोळे घालून झोपायचे. एकदा मला म्हणाले, "वैनी, जरा जाड कापूस मिळेल काय?" मी दिला.

काही वर्षांनी मावशीच्या नवऱ्याची कंपनीतली नोकरी संपली आणि दोघं गावाकडे परत निघाली. टेम्पोत भांडी, गाद्या, खाट चढली. मावशी इकडून तिकडे, तिकडून इकडे, दहा वेळा रिकाम्या घरात जाऊन बघत होती. शेवटी फडक्यातून तिने पुरणपोळी काढली, तुपाने निथळणारी, आणि दारात उभी राहून "यू यू, ये रे लेकरा" म्हणाली. भोंग्या आला. आता तोंडाभोवती पांढरा झाला होता. तिने पोळीचा तुकडा पुढे केला. "घे रे. आज तिखट न्हाई. आईच्यान न्हाई." त्याने वास घेतला, तिच्या तोंडाकडे बघितलं, शेपूट हलवली आणि दोन पावलं मागे सरून बसला. तिने हात आणखी लांब केला. तो आणखी मागे.

मावशी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बग लता, माझ्या बी हातचं न्हाई खाल्लं. शाबास रे माझ्या पठ्ठ्या!" मग तिने पदराखालून ती टवके उडालेली थाळी काढली, माझ्या हातात दिली आणि वर तो पोळीचा तुकडा ठेवला. "कुनाला दाखवू नको. आन् हातानं देऊ नको कधी, कितीबी वाटलं तरी." मी म्हटलं, नाही देणार. टेम्पोत चढून ती पुढच्या दांडीला धरून उभीच राहिली. बसा हो मावशी, असं मी म्हटलं नाही.

टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर मी थाळी खाली ठेवली. भोंग्याने पोळी खाल्ली, थाळी चाटून लख्ख केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. पुढे तो आणखी दोन-तीन वर्षं माझ्या दारात होता. थंडीत माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा, आणि माझ्या हातात भाकरी असली की डोळे वर करून नुसता बघायचा. माझा हात आपोआप पुढे व्हायचा. दर वेळी मी तो मागे घ्यायचे, उठायचे आणि आत जाऊन थाळी घेऊन यायचे.