फुलं टाकण्याची परवानगी

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी नांदेडहून देगलूरला पोहोचले. काम एकच होतं, ड्रोन उडवण्याची परवानगी मिळवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सामान मी पोस्टिंगला निघाल्यासारखंच बांधलं होतं.

अर्णव, ईशा, तुम्ही नातवंडं घरामागच्या हिरवळीवर खेळण्यातला ड्रोन उडवता, तसं हे नव्हतं. देगलूरजवळच्या एका गावात नाईक दिगंबरचं स्मारक बांधून झालं होतं. नाईक हा त्याचा हुद्दा, आडनाव नव्हे. उद्घाटनाला काय काय हवं, असं गावाने त्याच्या आईला विचारलं. सखुमाय ऐंशीच्या पुढे गेलेल्या. शाल, सत्कार, भाषण, सगळ्याला त्या नको म्हणाल्या. एवढंच मागितलं, "पुढारी आला की वरून फुलं पडत्यात. माझ्या लेकावर एकदा पडू द्या. मी हाय तवर."

दिगंबरचा धाकटा भाऊ माधव मग अनुसयाकडे गेला. अनुसया बचत गटातली. शेतांवर औषध फवारणारा ड्रोन ती चालवते आणि तो चालवण्याचं प्रमाणपत्रही तिच्याकडे आहे. औषधाच्या टाकीच्या जागी तिने जाळीची पेटी बसवली. रिमोटचं बटण दाबलं की पेटीचं तळाचं झाकण उघडायचं. झेंडूच्या पाकळ्या भरून तिने दोनदा करूनही पाहिलं. पण शेत वेगळं आणि सभा वेगळी. माणसांच्या जवळपास उडवायचं तर पोलिसांची लेखी परवानगी हवी. घेतली का, असं मी निघण्याआधी फोनवर माधवला विचारलं होतं.

"ठाण्यातले साहेब हाव म्हणले की," तो म्हणाला.

ते 'हाव', म्हणजे 'हो', ऐकून मला त्याचा भाऊच आठवला.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर होते. उत्तरेकडच्या सीमेवर, डोंगरांच्या कुशीत आमचं छोटं इस्पितळ होतं. सकाळी सहाला राउंड, मग ड्रेसिंग, मग औषधांचा हिशेब. दिवस असे एकासारखे एक जात. इस्पितळाच्या खालच्या सपाटीवर हेलिपॅड होतं. सिग्नल्सचा नाईक दिगंबर तिथे रेडिओ सेट घेऊन बसायचा. गंभीर जखमींना न्यायला हेलिकॉप्टर आलं की वारा कुठून आहे, खाली मोकळं आहे की नाही, हे तो पायलटला सांगायचा.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. फौजेत इंग्रजी आणि हिंदी. लातूरचं बोलणं मी घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं होतं. एकदा वॉर्डातल्या एका मदतनिसावर चिडले आणि तोंडून निघून गेलं, "लई शहाणा झालास." मागून आवाज आला, "मॅडम, लातूर का उदगीर?" वळून पाहिलं तर दिगंबर, दोन मग चहा घेऊन उभा.

तेव्हापासून संध्याकाळचा रेडिओ चेक संपला की तो वॉर्डाच्या दाराशी येई. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा त्याला येत. मी कौतुक केलं तर म्हणाला, देगलूरच्या बाजारात ज्या भाषेत भाव उतरतो ती भाषा बोलायची, त्यात शिक्षण कसलं. रेडिओची भाषा मला त्यानेच शिकवली. रॉजर म्हणजे ऐकलं. विल्को म्हणजे ऐकलं आणि सांगितल्याप्रमाणे करतो.

"आमच्याकडं हाव म्हणत्यात ना मॅडम, ते निसतं रॉजर असतंय," तो म्हणायचा. "विल्को म्हणून कुणी स्वतःला अडकवून घेत न्हाई."

म्हणून माधवला घेऊन मी सरळ पोलीस ठाण्यात गेले. निरीक्षक तरुण होते, त्यांनी उठून खुर्ची दिली. माधवला हाव म्हणाल्याचं त्यांनी लगेच कबूल केलं. याचं म्हणणं ऐकलं एवढाच त्याचा अर्थ, असंही हसत सांगितलं. खरी अडचण पुढे होती. दुसऱ्या दिवशी देगलूरला एका मंत्र्यांची सभा होती. ड्रोनची धडक बसू नये म्हणून त्यांचं हेलिकॉप्टर येऊन परत जाईपर्यंत आसपासच्या गावांत ड्रोन उडवायला मनाई होती.

माधव उसळला. "म्हंजे पुढाऱ्याचं इमान उडणार म्हणून आमच्या दिगूची फुलं बंद."

मी त्याला खाली बसवलं. बोलणी बराच वेळ चालली. शेवटी लेखी परवानगी मिळाली, दुपारी चार ते सूर्यास्त, आणि तीही हेलिकॉप्टर गेल्याचा निरीक्षकांचा फोन आल्यावरच. मी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्मारकावरचा पडदा दूर झाला. सलामी झाली. फोन आला नाही. मंत्र्यांची सभा लांबली होती. पाच वाजले. बँडवाल्यांनी येत होती ती सगळी गाणी वाजवून संपवली. हिवाळ्याचे दिवस, ऊन झपाट्याने उतरत होतं. सखुमाय पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून होत्या. डोक्यावर पदर, हनुवटी वर, नजर आभाळात.

गावातली तरणी मुलं माझ्याभोवती जमली. "आजी, कोण बघायलंय? दोन मिनिटाचं काम हाय." दुसरा हळूच म्हणाला, पण मला ऐकू जाईल इतपत, "मेजरबाईला कागदाचं लई भ्या."

माधव आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. अनुसया रिमोट धरून उभी होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही हाव म्हणा, उडवते. न्हाई म्हणा, न्हाई उडवत."

मी नाही म्हणाले.

सखुमायनी मला हाताने खूण करून बोलावलं. "का गं बाई अडवतीस? आणखी एखादा साल निघतो का न्हाई माझा."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्या दिवसाचं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विषय काढला नव्हता. लेक गोळा लागून गेला, एवढंच त्यांना माहीत होतं. तेव्हा तिथेच सांगितलं. जसं सांगितलं तसंच तुम्हाला लिहिते.

दोन जखमींना स्ट्रेचरवर घेऊन आम्ही हेलिपॅडच्या कडेला थांबलो होतो. हेलिकॉप्टर पलीकडच्या खिंडीत शिरलं होतं. तेवढ्यात तोफगोळे पडायला लागले. पहिले दोन लांब पडले, तिसरा जवळ. दिगंबरच्या सेटवर आमच्या कमांडिंग ऑफिसर साहेबांचा आवाज आला.

"हेलिपॅड रिकामं करा. सगळे बंकरमध्ये. ओव्हर."

दिगंबरने बटण दाबलं. "रॉजर. आउट."

तो विल्को म्हणाला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याला ते कळलं. तो किंचित हसला आणि सेट उचलून मोकळ्यावर गेला. धूर इतका होता की वरून पायलटला जमीन दिसणं शक्य नव्हतं. दिगंबरचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. "विंड फ्रॉम युवर लेफ्ट. पॅड क्लिअर. कम इन." रोजचाच आवाज, जराही न चढलेला. हेलिकॉप्टर उतरलं. आम्ही दोघांना आत चढवलं. ते उठलं आणि डोंगरापलीकडे गेलं. त्यानंतरचा गोळा सेटपाशी पडला. मी पोहोचले तेव्हा नर्स म्हणून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बँड थांबला होता, त्यामुळे आजूबाजूच्या बायकांनीही सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे त्यानं इमान वाचवलं," सखुमाय म्हणाल्या.

"हो."

"आतल्या माणसासकट?"

"आतल्या सगळ्या माणसांसकट."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग आज जे उडणार हाय, त्यातबी माणसंच असतील. पुढारी असला म्हणून काय झालं." मग माधवला हाक मारली. "आज फुलं नगं. लोकांला जेवायला बसव. कवाचे ताटकळायलेत."

ज्या मुलाने मला टोमणा मारला होता, तोच सगळ्यांत आधी पत्रावळी वाटायला उठला.

पंगत सुरू असताना हेलिकॉप्टर गावावरून गेलं. बरंच खालून गेलं, मांडवाचं कापड फडफडलं. सखुमाय दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत होत्या. निरीक्षकांचा फोन आला तेव्हा सूर्य बुडाला होता. मी काही मागण्याआधीच ते म्हणाले, उद्या सकाळचं लिहून देतो, कागद मीच घेऊन येतो.

आणि ते आले. सकाळी मांडव नव्हता, बँड नव्हता. घरची चार माणसं, अनुसया, निरीक्षक आणि मी. सखुमायना वाचता येत नाही. दगडावर काय कोरलंय ते त्यांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं, क्रमांक, हुद्दा, नाव. नुसतं नाव परत वाच म्हणाल्या. मी परत वाचलं.

अनुसयाने ड्रोन वर नेला, स्मारकावर स्थिर केला आणि झाकण उघडलं. तेवढ्यात वारा सुटला. निम्म्या पाकळ्या दिगंबरच्या नावावर पडल्या, निम्म्या बांध ओलांडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेल्या. अनुसयाने जीभ चावली. माधव पाकळ्या गोळा करायला धावला.

सखुमायनी त्याला थांबवलं. त्या हसत होत्या, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

"ऱ्हाऊ दे. असाच हुता त्यो. बांधापाशी कवाच थांबला न्हाई."

हरभऱ्यातली पाऊलवाट गावाकडे जवळची होती. पण पाकळ्यांवर पाय पडला असता, म्हणून आम्ही सगळे रस्त्याने वळसा घालून परत आलो.