अक्कांचा नवा टीव्ही आणि केबलवाले नाना

नरडाण्यातल्या घराघरांत काय चाललंय, हे त्या घरांपेक्षा आमच्या केबलवाल्या नानांना जास्त ठाऊक असे. कुठे सासू बातम्या लावते म्हणून सून फुगते, कुठे क्रिकेट सुरू झालं की भाजी करपते, हे ते शिडीवर चढता चढता सांगत. मालिकेच्या ऐन भरात चित्र गेलं की नाना धावत यायचे आणि वायर जोडेपर्यंत हुकलेली गोष्ट छपरावरून ओरडून पुरी करायचे. एकदा त्यांनी नायिकेचं लग्न मोडून टाकलं. चित्र आलं, तर तिकडे अक्षता पडत होत्या! "हाई लगीन टिकनार नही," असं बजावून नाना खाली उतरले.

मग गावात इंटरनेट आलं आणि नानांच्या वायरी एकेका घरातून निघू लागल्या. आमच्या शेजारच्या अक्कांना पुण्याच्या मुलाने स्मार्ट टीव्ही पाठवला, तेव्हा नाना आपला केबलचा डबा परत न्यायला तणतणत आले. मीही मागोमाग गेलो. अक्का रडकुंडीला आल्या होत्या. "नाना, हाऊ टीव्ही मनं आयकतच नही!"

टीव्ही बोलून लावायचा होता. नानांनी रिमोट तोंडाशी धरला आणि आपल्या अहिराणीत गर्जना केली, "अक्कानी मालिका दखाड!" टीव्हीने अक्रोडाचा शिरा दाखवला. नाना वरमले. मग तहसीलदारापुढे उभं राहावं तसे अदबीने, शुद्ध मराठीत, मालिकेचं नाव घेऊन म्हणाले, "साहेब, कृपया दाखवावी." मालिका लागली. अक्कांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर जुने सगळे भाग ओळीने मांडलेले होते. हुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नाना ती यादी बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते गावातल्या म्हाताऱ्यांना टीव्हीशी बोलायला शिकवू लागले. "नवा जावई समजा आनि गोड बोला," हा त्यांचा पहिला धडा. आता कितीतरी घरांतून टीव्हीला 'अहो' म्हटलेलं ऐकू येतं.

परवा सकाळी नाना आमच्या दारात उभे.

"नाना, आमच्याकडे काही बिघडलं नाही हो."

"तेच ना भाऊ. आते कोनाकडेच काही बिघडत नही."

बायकोने चहा टाकला. नाना खुर्चीत टेकले, घरभर नजर फिरवली आणि हळूच सगळ्यांची खुशाली विचारली, "मंग? घरमा बठ्ठा बरा शेतस ना?"

मी त्यांना सगळं सांगत बसलो. अगदी कालची भाजी करपली होती, तेसुद्धा.