शिंपल्यांच्या चुन्याचा मनोरा

आमची सखाबाई तोंडाची तिखट अन् हाताची पक्की. सासू आहे माझी, म्हनून नाही सांगून राहिली. सासूचं कौतुक कोन्ती सून करते, बाप्पा? पन खरं ते खरं.

लाखांदूरच्या अंगानं, धानाच्या बांध्यांमधी आमचं गाव. गावाच्या टोकावर पंच्यान्नव वर्षांचं चर्च. विटा इथल्याच मातीच्या, वर सागाच्या बल्ल्या अन् कवेलूचं छप्पर, उंच कमानी, दारावर घंटेचा चौकोनी मनोरा. आम्ही धीवर, तलावात जाळं टाकनारे. ख्रिस्ती घरं गावात बाराच, पन घंटा साऱ्या गावाची. तिच्या ठोक्यावर बाया धानाच्या रोवन्याले निघत.

तर ते घंटा पाच वर्षांपासून मुकी होती. मनोऱ्याच्या भिंतीले ओल चढली, पोपडे पडू लागले. शहरातून इंजिनियर आला, म्हने, "भिंत सडली. घंटा वाजवाल तं मनोरा अंगावर येईल. पाडून टाका."

सखाबाई पेटलीच! तिच्या आज्यानं ह्याच भिंतीसाठी तलावातल्या शिंपल्या जाळून चुना केला होता. बापाजवळ बसून तेही चुना करायले शिकली होती. तरातरा चर्चमधी फादरसमोर गेली, आम्ही तिच्या मागं, नखानं पोपडा उचकटला.

"भिंत नाही सडली, फादर. तिचा जीव घुसमटून राहिला. चुन्याच्या भिंतीले सिमेंट कोनं फासलं?"

फासलं होतं तिच्याच पोरानं, माझ्या नवऱ्यानं. लिलाधर मिस्त्री आहे. दहा वर्षांआधी देवाचं घर पक्कं करू म्हनून त्यानं फुकटात काम केलं, अन् ओल बाहेर निघायची वाटच बुजवली.

लिलाधरनं मान खाली घातली. मी मात्र भडकली. "माय, चारचौघात पोराची इज्जत काढता?"

"वाचवून राहिली, रंजू. पनजानं उभा केला अन् पन्तवानं पाडला, असं नाव लागू देऊ का त्याले?"

फादर भला मानूस. म्हनला, "एक पावसाळा देतो. नाताळाआधी भिंत कोरडी झाली तं ठीक, नाही तं पाडू."

मंग काय! मायलेकानं छिन्नीनं सिमेंटचा सारा थर उतरवला. उन्हाळ्यात तलाव आटला तशा आम्ही गाळातून टोपलं टोपलं शिंपल्या वेचल्या. भट्टीत भाजल्या, पानी टाकलं तं रटरट उकळल्या. महिनाभर चुना मुरवला. मंग त्यात रेती, गुळाचं पानी अन् बेलफळाचा गर घालून उखळात कुटला अन् भिंतीवर चढवला. पोट्टे हसत, "बुढी फादरले चुना लावून राहिली!" सखाबाई म्हने, "हसा लेकहो, फुकटाचं आहे." माझ्या हाताची सालटं निघाली. राग गेला नव्हता, पन मुसळ मी सोडलं नाही.

भादव्यात नव्या गिलाव्यावर काळे डाग उमटले. लिलाधरचं जेवन सुटलं. सखाबाईनं त्याच्या पुढं ताट सरकवलं. "खाय मुकाट्यानं. आतली ओल बाहेर येऊन राहिली. येऊ दे तिले."

डिसेंबरात इंजिनियर आला. भिंतीले ओल मोजायचं यंत्र लावलं, ठोकून पाहिलं, पुन्हा लावलं. मंग नुसता तळहात टेकवून उभा राहिला.

"कोरडी आहे," तो म्हनला. "घंटा वाजवा खुशाल. कोनी केलं हे काम?"

फादरनं सखाबाईकडं पाहिलं. तिनं लिलाधरचा दंड धरून त्याले पुढं ढकललं. "माझ्या पोरानं. मिस्त्री आहे तो!" माझा राग तेव्हा गेला. असं वाटलं का तिचे पाय धरावे.

नाताळच्या सकाळी सारं गाव आवारात. फादरनं दोर सखाबाईच्या हातात दिला. तिनं तो लिलाधरले दिला.

"ओढ. भिऊ नको, तुया पनजाची भिंत आहे."

त्यानं डोळे मिटून ओढला. ठन्न! मनोऱ्यातून चिमूटभर धूळ पडली नाही. ख्रिस्ती, धीवर, सारे ओरडले, तलावावरून जाळेवाल्यायनं हाका मारल्या. लिलाधर रडत होता, हसत होता अन् दोर काही सोडत नव्हता.

शेवटी सखाबाईच कडाडली, "अरे, पुरे कर आता! फादरले प्रार्थना करू देशील का नाही?"